सिद्धता कागदावर, पडताळा संगणकावर: अर्थमितीच्या नव्या विद्यार्थ्यास पत्र

प्रिय विद्यार्थी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फळ्यावर सिद्धता भराभर पुढे सरकतात, दर आठवड्याला नवा एस्टिमेटर (नमुन्यातून अंदाज काढायचं सूत्र) येतो आणि जुना अंगवळणी पडायच्या आत परीक्षा येते, असं तू लिहिलं आहेस. अडचण खरी आहे, पण ती तुझ्या गणिताच्या कच्चेपणातून आलेली नाही. पदव्युत्तर अर्थमितीत पद्धती एकामागून एक येतात आणि त्या सगळ्यांच्या आत असलेला एकच सांगाडा वेगळा काढून दाखवायला वेळ उरत नाही. तो सांगाडा या पत्रात मांडते. त्याच्या जोडीला एक सवयही सांगते: प्रत्येक निकाल दोनदा करायचा. एकदा पेन्सिलीने आणि एकदा संगणकावर, तोही त्यातलं एकेक गृहीतक मुद्दाम मोडून.

कुठलीही पद्धत समोर आली की क्रमाने चार प्रश्न विचार. समष्टीतली नेमकी कोणती राशी हवी आहे? आपल्याला दिसू शकणाऱ्या वितरणातून ती एकमेव ठरते का? नमुन्यातून ती कशी काढायची? आणि निघालेला आकडा किती डळमळीत आहे? पाठ्यक्रमाचा बहुतेक वेळ तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर जातो. खरा घोळ मात्र पहिल्यातच होतो.

समज, मिळकतीचा लॉग हा वाय आणि शिक्षणाची वर्षं हा एक्स. इथे ‘बीटा’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या राशी दडलेल्या असतात. पहिली म्हणजे एक्सवरून बांधलेला वायचा सर्वांत जवळचा सरळ रेषेतला अंदाज, रेषीय प्रक्षेप. दुसरी म्हणजे एक्स ठरावीक असताना वायची सरासरी. ती सरळ रेषेत असेलच असं नाही. तिसरी म्हणजे त्याच माणसाचं शिक्षण एका वर्षाने वाढवलं तर त्याची मिळकत किती बदलेल, हा कार्यकारण परिणाम. ओएलएस (ऑर्डिनरी लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करणारी रेषा) पहिली राशी काढतं, नेहमीच. दुसरी तिच्याशी जुळते का, हे डेटावरून तपासता येतं; तिसरी जुळते की नाही हे मात्र डेटा सांगू शकत नाही. ते तुझ्या गृहीतकावर ठरतं.

हे पक्कं झालं की ‘एरर टर्म’चं गूढ संपतं. ही एरर टर्म, म्हणजे यू, निसर्गात आधीपासून असलेली वस्तू नव्हे. तू बीटा कोणता ठरवलास त्यावर वाय वजा एक्स-बीटा किती उरतं, तेवढाच यू. प्रक्षेपाच्या बीटासाठी यू आणि एक्स यांचा सहसंबंध शून्य असणं ही व्याख्याच आहे, तिथे गृहीत धरायला काही नाही. कार्यकारण बीटासाठी तेच विधान फार मोठं गृहीतक बनतं. म्हणून ‘एक्स एंडोजीनस आहे का?’, म्हणजे एक्सचा यूशी सहसंबंध आहे का, या प्रश्नाला, बीटा कोणता ते सांगितल्याखेरीज, काहीच अर्थ नाही. गृहपाठाच्या प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर एक ओळ लिहायला लाग: ‘इथे बीटा म्हणजे अमुक.’ ती ओळ लिहिता आली नाही, तर पुढचं बीजगणित कितीही बरोबर असलं तरी थांब.

गणित किती हवं, हेही तू विचारलं आहेस. पहिल्या वर्षाला पुरणारी यादी लहान आहे. मॅट्रिक्सच्या बाजूने प्रोजेक्शन मॅट्रिक्स, रँक, पॉझिटिव्ह डेफिनिट असण्याचा अर्थ आणि ब्लॉक मॅट्रिक्सचा व्यस्त. संभाव्यतेच्या बाजूने मोठ्या संख्येचा नियम, मध्यवर्ती सीमा प्रमेय, स्लट्स्कीचं प्रमेय, कंटिन्युअस मॅपिंग आणि डेल्टा पद्धत. शिवाय सशर्त सरासरी आणि तिचा पुनरावृत्त सरासरीचा नियम. मेझर थिअरी सावकाश येऊ दे. ती नाही म्हणून पहिल्या सत्रात कुणाचं अडत नाही. सशर्त सरासरी हाताळता येत नाही म्हणून मात्र अडतं.

पहिली सिद्धता ओएलएसचीच घे आणि न बघता लिहिता येईपर्यंत लिही. बीटा-हॅट (नमुन्यातून काढलेला बीटा) वजा बीटा हा दोन सरासऱ्यांचा गुणाकार आहे. एक्स गुणिले एक्स-ट्रान्सपोज याची नमुना-सरासरी घ्यायची, तिचा व्यस्त काढायचा आणि त्याला एक्स गुणिले यू याच्या सरासरीने गुणायचं. पहिली सरासरी एका स्थिर मॅट्रिक्सकडे जाते, तिला क्यू म्हणू. दुसरी शून्याकडे जाते, म्हणून एस्टिमेटर सुसंगत, म्हणजे नमुना वाढेल तसा खऱ्या किमतीकडे जाणारा. वितरण हवं असेल तर दुसऱ्या सरासरीला एनच्या, म्हणजे नमुन्याच्या आकाराच्या, वर्गमुळाने गुण. मध्यवर्ती सीमा प्रमेयामुळे ती नॉर्मल वितरणाकडे जाते आणि तिचा व्हेरियन्स ओमेगा, म्हणजे यू-वर्ग गुणिले एक्स गुणिले एक्स-ट्रान्सपोज याची अपेक्षित किंमत. स्लट्स्कीने दोन्ही भाग जोडले की क्यू-व्यस्त, ओमेगा, क्यू-व्यस्त असा सँडविच तयार.

एवढ्या लहान सिद्धतेत चार चुका हमखास होतात. एक, वर्गमूळ-एन दोन्ही सरासऱ्यांना लावला जातो. तो फक्त शून्याकडे जाणाऱ्या भागाचा आहे. दोन, एन अनंताकडे नेल्यावरही उजव्या बाजूला एन उरलेला दिसतो. ‘बीटा-हॅट हा अमुक भागिले एन एवढ्या व्हेरियन्सच्या नॉर्मलकडे जातो’ हे सीमेचं विधानच नव्हे. बीटा-हॅट स्वतः एका बिंदूकडे जातो, वर्गमूळ-एनने ताणलेला फरक नॉर्मलकडे जातो, आणि एनने भागलेला व्हेरियन्स हा त्यावरून व्यवहारासाठी केलेला अंदाज. तीन, व्यस्ताची सरासरी आणि सरासरीचा व्यस्त एकच समजले जातात. चार, ओमेगा अस्तित्वात आहे असं न सांगताच तो वापरला जातो. एक्स आणि यू या दोन्हींचे चौथे मोमेंट (चौथ्या घाताची सरासरी) सांत आहेत असं म्हटलं की कोशी-श्वार्ट्झने ओमेगाही सांत ठरतो. प्रमेयातल्या रुक्ष वाटणाऱ्या मोमेंटच्या अटी इथे कामी येतात.

याच्या लगेच पुढे फ्रिश-वॉ-लोव्हेल प्रमेय कर. १९३३ साली फ्रिश आणि वॉ यांनी कालप्रवाह काढून टाकण्याच्या संदर्भात ते मांडलं, आणि १९६३ साली लोव्हेलने ते व्यापक केलं. अनेक चलांच्या रिग्रेशनमधला एका चलाचा सहगुणक हवा असेल, तर वाय आणि ते चल या दोन्हींमधून बाकीच्या चलांचा भाग काढून टाक आणि उरलेल्यांचं आपसांत रिग्रेशन कर. सहगुणक तंतोतंत तोच येतो. फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक माणसाला किंवा गटाला स्वतःचा स्थिरांक देणं), हंगामी दुरुस्ती, पुढे लॅसो या चलं निवडणाऱ्या तंत्रावर आधारलेल्या पद्धती, सगळीकडे हाच विचार आहे. संगणकावर करून बघ. सहगुणक दहाव्या दशांशापर्यंत जुळेल, पण साधी स्टँडर्ड एरर (अंदाजाच्या डळमळीतपणाचं माप) जुळणार नाही, आणि का जुळत नाही ते तू शोधावंस असं मला वाटतं. एन १०० आणि एकूण सहगुणक ६ असतील, तर मूळ रिग्रेशन ९४ ने भागतं. उरलेल्यांच्या रिग्रेशनला आधी काय काढून टाकलं हे माहीत नसतं, ते ९९ ने भागतं. त्यामुळे स्टँडर्ड एरर सुमारे २.६ टक्क्यांनी लहान दिसते. फिक्स्ड इफेक्ट्स हाताने काढताना हीच चूक खूप मोठी होते, कारण तिथे गाळलेले सहगुणक शेकड्यांनी असतात.

आता संगणक. सिम्युलेशन म्हणजे शेवटी जोडायची शोभा समजू नकोस. खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे अशी ही एकमेव जागा. पहिलं सिम्युलेशन असं कर, की त्याचं उत्तर पेन्सिलीनेही काढता येईल. एक्स प्रमाणित नॉर्मल घे. ई हाही प्रमाणित नॉर्मल, एक्सपासून स्वतंत्र. यू म्हणजे एक्स गुणिले ई. वाय म्हणजे १ अधिक एक्स अधिक यू, म्हणजे खरा उतार १. यूचा व्हेरियन्स १ आणि एक्सचाही १, म्हणून जुन्या पाठातलं सूत्र उताराचा व्हेरियन्स १ भागिले एन सांगतं. पण खरा ओमेगा म्हणजे एक्सच्या चौथ्या घाताची सरासरी, आणि ती नॉर्मलसाठी ३ असते. खरी स्टँडर्ड एरर त्यामुळे ३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३ पटीने मोठी. उतार १ आहे ही खरी शून्य परिकल्पना जुन्या सूत्राने तपासली, तर १.९६ ची सीमा प्रत्यक्षात १.१३ एवढीच उरते आणि परिकल्पना फेटाळली जाण्याचं प्रमाण ५ ऐवजी जवळजवळ २६ टक्के होतं. आता एन १,००० घेऊन संगणकाला विचार. २६ च्या आसपासच येईल. कागदावरचा आकडा संगणकातून वर येताना पाहिला, की सिद्धता परकी वाटत नाही.

सिम्युलेशनची कृती नेहमी सारखी ठेव. एनच्या किमती ५०, २००, १,००० आणि ५,०००. कोड तपासताना प्रत्येकी १,००० फेऱ्या, अंतिम तक्त्यासाठी १०,०००. प्रत्येक फेरीतून अंदाज, त्याची स्टँडर्ड एरर आणि परिकल्पना फेटाळली की नाही, हे तिन्ही साठव. शेवटी चार आकडे काढ: अंदाजांची सरासरी खऱ्या किमतीपासून किती दूर, अंदाजांचं प्रमाण विचलन, स्टँडर्ड एररची सरासरी, आणि ९५ टक्क्यांच्या अंतरालात खरी किंमत किती वेळा सापडली. मधले दोन एकमेकांशी जुळले पाहिजेत. न जुळल्यास स्टँडर्ड एररचं सूत्र चुकलं आहे, मग अंदाज कितीही नेमका असो.

सिम्युलेशनच्या आकड्यालाही स्वतःची त्रुटी असते, हे विसरू नकोस. ५ टक्के फेटाळणी १,००० फेऱ्यांतून मोजली तर तिची स्टँडर्ड एरर ०.६९ टक्के अंक असते, १०,००० फेऱ्यांतून ०.२२. त्यामुळे १,००० फेऱ्यांत ५.९ आलं तर घाबरू नकोस, ८ आलं तर नक्की थांब. कोडमध्ये तीन गोष्टी वारंवार बिघडतात. रँडम सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) लूपच्या आत बसवली जाते आणि प्रत्येक फेरी तीच आधीची फेरी होते. अंदाजांचं प्रमाण विचलन शून्य आलं की हे ओळखावं. खरा उतार १ असताना परिकल्पना शून्याविरुद्ध तपासली जाते आणि सामर्थ्यालाच (खोटी परिकल्पना फेटाळण्याचं प्रमाण) आकार (खरी परिकल्पना फेटाळण्याचं प्रमाण) समजलं जातं. आणि गट असलेल्या डेटात गटाचा समाईक धक्का प्रत्येक फेरीत नव्याने काढायचा राहून जातो.

वरच्याच प्रयोगात एन ५० कर आणि व्हाइटची रोबस्ट स्टँडर्ड एरर, म्हणजे यूचा व्हेरियन्स एक्सबरोबर बदलला तरी चालणारी, वापर. जुन्या सूत्रापेक्षा बरंच बरं दिसेल, तरी फेटाळणी ५ च्या वरच राहील. कारण समजून घे. रेसिड्युअल (वाय आणि बांधलेली रेषा यांतला फरक) हा सरासरीने यूपेक्षा लहान असतो, कारण रेषा प्रत्येक बिंदूकडे थोडी ओढली जाते, आणि जास्त लिव्हरेजच्या, म्हणजे एक्समध्ये टोकाला असल्याने रेषेवर जास्त पकड असलेल्या, बिंदूकडे जास्त. सगळ्या बिंदूंचं सरासरी लिव्हरेज के (सहगुणकांची संख्या) भागिले एन असतं, पण टोकाच्या बिंदूचं त्याच्या कित्येक पट असू शकतं. १९८० च्या व्हाइटच्या सूत्रात, म्हणजे एचसी० मध्ये, रेसिड्युअलचा वर्ग जसाच्या तसा जातो. एचसी१ सगळ्यांना सारखंच एन भागिले एन-वजा-के ने फुगवतो. एचसी२ प्रत्येक वर्गाला १ वजा त्याच्या लिव्हरेजने भागतो आणि एचसी३ त्याच्याही वर्गाने. लिव्हरेज ०.९ असलेल्या बिंदूचा वर्ग एचसी३ मध्ये १०० पट होतो. स्टाटामध्ये ‘रोबस्ट’ म्हटलं की एचसी१ मिळतं, आरच्या सँडविच पॅकेजमध्ये काही न सांगता एचसी३ मिळतं. दोन सहकाऱ्यांचे तक्ते तिसऱ्या दशांशावर जुळत नाहीत तेव्हा वाद घालण्याआधी हे बघावं.

गटांचा प्रश्न याहून जड आहे. एका गटात ५० माणसं, एक्स गटभर सारखाच, आणि यूचा गटांतर्गत सहसंबंध फक्त ०.१ असं धर. खरा व्हेरियन्स १ अधिक ४९ गुणिले ०.१, म्हणजे ५.९ पट होतो. स्टँडर्ड एरर २.४ पट. टी-मूल्य ४ म्हणून मिरवणारा निकाल प्रत्यक्षात १.६५ वर येतो. ०.१ हा सहसंबंध पाहायला किरकोळ आहे, घात करतो तो गटाचा आकार. कोणत्या पातळीवर क्लस्टर करायचं, म्हणजे कोणत्या गटांतला सहसंबंध धरून स्टँडर्ड एरर काढायची, याचा नियम साधा आहे: उपचार किंवा धोरण ज्या पातळीवर लागू झालं, किंवा नमुना ज्या पातळीवर निवडला गेला, ती पातळी. गट थोडे असतील तर क्लस्टर केल्यावरही स्टँडर्ड एरर कमीच येते, कारण इथे खरा एन म्हणजे गटांची संख्या. ८ गट असतील तर १.९६ ऐवजी निदान ७ मुक्तांशांच्या टी-वितरणातलं २.३६५ वापर, आणि त्याहून बरं म्हणजे वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप (गटागटाच्या रेसिड्युअलची चिन्हं रँडम उलटवून पुन्हापुन्हा केलेली चाचणी). ६ गट असले तर मात्र अधिक-उणे एक अशा भारांचे सगळे मिळून ६४ च संच बनतात, मग पी-मूल्यही ठोकळ होतं.

इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल्सवर, म्हणजे एक्सला हलवणाऱ्या पण वायवर फक्त एक्समार्फतच परिणाम करणाऱ्या चलांवर, तुझा सगळ्यात जास्त वेळ जाईल, आणि जायलाही हवा. १९९१ साली अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी जन्माची तिमाही हे शिक्षणाच्या वर्षांचं इन्स्ट्रुमेंट म्हणून वापरलं. नमुना तीन लाखांहून मोठा होता. १९९५ साली बाउंड, येगर आणि बेकर यांनी खऱ्या तिमाहीच्या जागी संगणकाने काढलेली खोटी, रँडम तिमाही घातली. उत्तर आणि स्टँडर्ड एरर दोन्ही विश्वासार्ह दिसतील असेच निघाले. शिक्षणाशी काडीचाही संबंध नसलेल्या इन्स्ट्रुमेंटने नीटनेटका तक्ता दिला! यावर जरा थांबून विचार कर. इन्स्ट्रुमेंट कमजोर आणि संख्येने पुष्कळ असली की टू-स्टेज लीस्ट स्क्वेअर्सचा (पहिल्या टप्प्यात इन्स्ट्रुमेंटवरून एक्स-हॅट, दुसऱ्यात एक्स-हॅटवरून वाय) अंदाज ओएलएसच्याच दिशेने ओढला जातो, आणि नमुना लाखांचा असला म्हणून सुटका होत नाही. इथे माहिती मोजायची ती पहिल्या टप्प्याच्या ताकदीने, ओळींच्या संख्येने मोजून चालत नाही.

पहिल्या टप्प्याचा एफ (इन्स्ट्रुमेंटची ताकद मोजणारा आकडा) १० च्या वर हवा, हा नियम स्टेगर आणि स्टॉक यांच्या १९९७ च्या कामातून रूढ झाला. तो पुरेसा आहे असं मानू नकोस. एकच इन्स्ट्रुमेंट असताना १.९६ ची नेहमीची टी-चाचणी खरोखर ५ टक्क्यांची राहण्यासाठी एफ १०४.७ च्या वर लागतो, असं २०२२ साली ली, मॅक्रेरी, मोरेरा आणि पोर्टर यांनी दाखवलं. पण एफच्या उंबरठ्यांमागे धावण्यापेक्षा अँडरसन-रुबिन चाचणी शिकून घे. ती १९४९ पासून आहे. बीटाची किंमत गृहीत धर, वायमधून एक्स गुणिले ती किंमत वजा कर, आणि उरलेल्याचं इन्स्ट्रुमेंटवर रिग्रेशन कर. गृहीत किंमत खरी असेल तर इन्स्ट्रुमेंटचा सहगुणक शून्य यायला हवा. या तर्कात पहिला टप्पा येतच नाही, म्हणून तो कमजोर असला तरी चाचणीचा आकार टिकतो. कमजोर असेल तर अंतराल रुंद येतो, कधी अनंतही. पण डेटात जेवढं अज्ञान आहे तेवढंच तो प्रामाणिकपणे दाखवतो.

हाताने दोन टप्पे करण्याचा मोह आवर. शिकण्यासाठी एकदा कर, पण दुसऱ्या टप्प्याने छापलेली स्टँडर्ड एरर चुकीची असते, कारण तिच्या रेसिड्युअलमध्ये खऱ्या एक्सऐवजी एक्स-हॅट बसलेला असतो. दोन्ही टप्प्यांत नियंत्रक चलं तंतोतंत तीच हवीत. पहिला टप्पा प्रोबिटने (हो-नाही अशा चलासाठीच्या मॉडेलने) करून त्याची संभाव्यता दुसऱ्या टप्प्यात एक्सच्या जागी टाकणंही चूक. ती संभाव्यता वाटल्यास इन्स्ट्रुमेंट म्हणून वापर. आणि उत्तर आल्यावर पहिल्या प्रश्नाकडे परत ये: हा परिणाम कुणाचा? १९९४ च्या इंबेन्स आणि अँग्रिस्ट यांच्या निकालानुसार तो इन्स्ट्रुमेंटमुळे ज्यांचा निर्णय बदलला त्यांचा सरासरी परिणाम, तोही इन्स्ट्रुमेंट सगळ्यांना एकाच दिशेने ढकलत असेल तर. दोन चांगली इन्स्ट्रुमेंट दोन वेगळी उत्तरं देतात तेव्हा दोन्ही बरोबर असू शकतात.

जीएमएमचा (जनरलाइज्ड मेथड ऑफ मोमेंट्स) धडा यानंतर सोपा जातो. हॅन्सेनने १९८२ साली ते सर्वसाधारण रूपात मांडलं, आणि ओएलएस व टू-स्टेज दोन्ही त्याच्या पोटात बसतात. जे-चाचणीबद्दल (गरजेपेक्षा जास्त इन्स्ट्रुमेंट असताना करायची चाचणी) एकच सावधगिरी: ती इन्स्ट्रुमेंटांना एकमेकांविरुद्ध ताडून पाहते. सगळी एकाच दिशेने आणि एकाच मापाने बिघडलेली असतील, तर ती बिनधास्त पास होते. ‘जे पास झाली म्हणून इन्स्ट्रुमेंट वैध’ असं कधीही लिहू नकोस.

डेल्टा पद्धतीचा (अंदाजाच्या फलनाचं वितरण अवकलजावरून काढण्याची रीत) एक छोटा प्रयोग मधल्या वेळात कर. बीटा-वर्गाचं वितरण काढ, पण खरा बीटा शून्य ठेव. तिथे अवकलज शून्य होतो, वर्गमूळ-एनचा नॉर्मल कोसळतो, आणि एनने गुणलेला बीटा-हॅट-वर्ग काय-स्क्वेअरच्या आकाराकडे जातो. प्रमेयातली ‘अवकलज शून्य नसावा’ ही अट यानंतर तुझ्याकडून कधी सुटणार नाही.

पॅनेल (त्याच माणसांचा अनेक काळांतला डेटा) आणि कालमालिका पुढच्या सत्रात येतील, म्हणून थोडक्यात सांगते. फिक्स्ड इफेक्ट्सबरोबर मागच्या काळातला वाय उजव्या बाजूला टाकला की निकेलने १९८१ साली दाखवलेला पूर्वग्रह येतो. खरा सहगुणक ०.५ आणि काळ १० असेल तर अंदाज सुमारे ०.३४ कडे जातो, आणि माणसं दहापट वाढवली तरी तो तिथेच राहतो; काळच वाढवावा लागतो. धोरण वेगवेगळ्या वेळी लागू झालं असेल तर दुहेरी फिक्स्ड इफेक्ट्सचा सहगुणक आधीच उपचार मिळालेल्यांना तुलनेसाठी वापरतो आणि काही परिणामांना उणे भार देतो, म्हणून गटवार परिणाम आधी काढून मग त्यांची सरासरी घ्यायला शीक. कालमालिकेत दोन स्वतंत्र रँडम वॉक (दर पावलाला मागच्या किमतीत नवा रँडम धक्का मिळवणाऱ्या मालिका) घेऊन एकाचं दुसऱ्यावर रिग्रेशन कर. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ साली दाखवलेलं खोटं नातं तुझ्याच पडद्यावर उभं राहील, आणि नमुना वाढवशील तसं टी-मूल्य आणखी वाढत जाईल. युनिट रूटची, म्हणजे मालिका रँडम वॉकसारखी आहे का याची, चाचणी नॉर्मलच्या तक्त्याने करायची नसते. स्थिरांक असताना ५ टक्क्यांची डिकी-फुलर सीमा उणे २.८६ आहे, उणे १.६४५ नव्हे.

पेपर वाचताना प्रस्तावनेनंतर थेट मुख्य प्रमेयाकडे जा आणि गृहीतकं एका कोऱ्या पानावर उतरवून काढ. मग सिद्धतेत पेन्सिल घेऊन प्रत्येक गृहीतक कोणत्या ओळीत वापरलं तिथे खूण कर. ज्याला खूण मिळत नाही ते एकतर अनावश्यक असतं किंवा तुझ्या नजरेतून काहीतरी सुटलेलं असतं. बहुतेक वेळा दुसरंच. नंतर एक गृहीतक मोडणारं उदाहरण स्वतः तयार कर. एका पेपरला असे तीन दिवस गेले तरी जाऊ देत. महिन्यात वरवर वाचलेले वीस पेपर दोन महिन्यांत विसरले जातात.

एकदा तरी ओएलएस, टू-स्टेज आणि क्लस्टर स्टँडर्ड एरर मॅट्रिक्सच्या कोडने स्वतः लिही आणि तयार पॅकेजशी आठ दशांश जुळव. क्लस्टरमध्ये जुळत नसेल तर लहान नमुन्याचा गुणक बघ: गट भागिले गट-वजा-एक, गुणिले एन-वजा-एक भागिले एन-वजा-के. ओएलएस काढताना एक्स-ट्रान्सपोज-एक्सचा व्यस्त घेऊ नकोस, क्यूआर विघटन वापर. एक्सचा कंडिशन नंबर (चलं एकमेकांत किती गुंतली आहेत याचं माप) दहा लाख असेल तर त्या गुणाकाराचा त्याचा वर्ग होतो. डबल प्रिसिजनच्या सुमारे १६ अंकांपैकी ४ च भरवशाचे उरतात. वर्ष हे चल २०१५, २०१६ असं आणि त्याचा वर्गही सोबत टाकलास की हे घडतं. वर्षातून २०१५ वजा केलं की प्रश्न मिटतो.

पुढच्या पत्राबरोबर मला एक तक्ता पाठव. एन १,०००; झेड प्रमाणित नॉर्मल; एक्स म्हणजे पाय गुणिले झेड अधिक व्ही; वाय म्हणजे एक्स अधिक यू; यू आणि व्ही दोन्हींचा व्हेरियन्स १, त्यांचा सहसंबंध ०.९. पायच्या तीन किमती घे: ०.०५, ०.१ आणि ०.३५. पहिल्या टप्प्याचा एफ सरासरीने अनुक्रमे ३.५, ११ आणि १२३ च्या जवळ यायला हवा, आधी तो जुळव. मग प्रत्येक ओळीत अंदाजाचा मध्यक, टी-चाचणीची फेटाळणी आणि अँडरसन-रुबिनची फेटाळणी. सरासरी छापू नकोस. एक एंडोजीनस चल आणि एकच इन्स्ट्रुमेंट असताना या एस्टिमेटरला सांत सरासरीच नसते, त्यामुळे फेऱ्या वाढवशील तरी ती उड्या मारत राहील. शेवटचा रकाना तिन्ही ओळींत ५ च्या आसपास हवा. तसा आला नाही, तर परिकल्पनेत बीटा १ घातलास की ०, ते सगळ्यात आधी तपास.

तुझी,
मार्गदर्शक